घरी बनवलेली ई-बाईक बंद पडली? कंट्रोलर बदलण्याआधी वायरिंग असे तपासा

नंदगड : जुन्या सायकलीला किंवा भंगारात निघालेल्या मोपेडला हब मोटर बसवायची, कुठून तरी बॅटरी आणि कंट्रोलर मिळवायचा आणि घरच्या घरी ई-बाईक उभी करायची, ही हौस आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. गाडी सुरू असेपर्यंत सगळे कौतुक करतात. पण एक दिवस चावी फिरवली, थ्रॉटल पिळला आणि गाडी ढिम्म हलली नाही की पहिला निकाल ठरलेला असतो : "कंट्रोलर उडाला!" मग नवा कंट्रोलर मागवला जातो, बसवला जातो आणि बऱ्याचदा गाडी तरीही चालत नाही. कधी तर नवा कंट्रोलरही त्याच दिवशी जळतो. कारण बिघाड कंट्रोलरमध्ये नसून त्याला जोडलेल्या वायरीत, कपलरमध्ये किंवा मोटरच्या आसाजवळ असतो.

क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या समाधीचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नंदगडसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त जाणवतो. घरगुती गाडीला कंपनीचे सर्व्हिस सेंटर नसते. सुट्या भागांसाठी खानापूर किंवा थेट बेळगाव गाठावे लागते, नाहीतर ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट बघावी लागते. त्यात खानापूर तालुक्याचा पाऊस आणि तांबडी माती. म्हणून काही शे रुपयांचा एक मल्टिमीटर घेऊन, ठरलेल्या क्रमाने, बॅटरीपासून चाकापर्यंत तपासणी कशी करायची याची ही माहिती. चंदगड, निपाणी, सावंतवाडी किंवा गोव्यातील सत्तरी, गाडी कुठलीही असली तरी क्रम हाच.

आधी ओळख : कुठली वायर कशाची?

अशा गाड्यांत बहुतेक वेळा बीएलडीसी प्रकारची हब मोटर असते. या मोटरला बॅटरी थेट जोडता येत नाही. बॅटरीचा डीसी प्रवाह तीन वायरींत आळीपाळीने सोडून चाक फिरवत ठेवणे हे कंट्रोलरचे काम. चुंबक कुठल्या जागी आहे हे त्याला मोटरमधील तीन हॉल सेन्सर सांगतात.

कंट्रोलरमधून निघणाऱ्या वायरींचे गट साधारण असे :

- बॅटरीच्या दोन जाड वायरी : लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह.
- चावीची एक बारीक वायर, बहुधा लाल किंवा नारिंगी. हिला चावीतून पूर्ण बॅटरी व्होल्टेज मिळते.
- मोटरच्या तीन जाड फेज वायरी : पिवळी, हिरवी, निळी.
- हॉल सेन्सरच्या पाच बारीक वायरी : लाल, काळी आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी.
- थ्रॉटलच्या तीन वायरी : लाल ५ व्होल्ट, काळी निगेटिव्ह आणि तिसरी सिग्नलची, बहुधा हिरवी किंवा पांढरी.
- ब्रेक कटऑफच्या वायरी.
- काही कंट्रोलरला दोन पांढऱ्या 'सेल्फ लर्निंग' वायरी असतात.

रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात. कंट्रोलरवर चिकटवलेला तक्ता असेल तर त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण पहिल्या पावसातच ते स्टिकर निघून जाते. कुठलाही कपलर काढण्याआधीही फोटो घ्या.

हात लावण्याआधी

४८ व्होल्टचा झटका घरातल्या २३० व्होल्टसारखा बसत नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. धोका झटक्याचा नाही, शॉर्ट सर्किटचा आहे. लिथियम बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो, अंगठी बोटात भाजते, बॅटरी पेट घेऊ शकते. त्यामुळे :

- अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवा. पाना आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.
- मोटरचे चाक जमिनीपासून वर उचला. स्टँडवर घ्या किंवा गाडी विटांवर टेकवा. ही अट सर्वांत महत्त्वाची. तपासणीत थ्रॉटलची एखादी वायर सुटली तर चाक अचानक पूर्ण वेगाने फिरू शकते.
- कपलर काढताना-लावताना चावी बंद आणि बॅटरी सुटी हवी.
- बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरमधील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. दोन-तीन मिनिटे थांबा आणि कंट्रोलरच्या जाड लाल-काळ्या वायरींवर मीटरने खात्री करून घ्या.
- बॅटरीचा खोका उघडू नका. आतील बीएमएस बायपास करून गाडी चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

बॅटरी जोडताना 'टक्' असा आवाज होऊन ठिणगी पडते. रिकामे कपॅसिटर एकदम भरत असल्यामुळे ती पडते आणि तिचा अर्थ बिघाड असा नाही. पण रोजच्या ठिणगीने कपलरच्या पिना काळ्या पडतात. एक्सटी-९० एस प्रकारच्या कपलरमध्ये ठिणगी टाळणारा रेझिस्टर असतो, तो वापरलेला बरा.

पायरी १ : बॅटरी ते कंट्रोलर

मीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या रेंजवर ठेवा. आधी बॅटरीच्या तोंडाशी मोजा, मग कंट्रोलरच्या जाड लाल-काळ्या वायरींवर. दोन्हीकडे आकडा सारखा हवा.

'४८ व्होल्ट' म्हणजे मीटरवर बरोबर ४८ दिसेल असे नाही. १३ सेलची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवते. ३६ व्होल्टची १० सेलची बॅटरी ४२ दाखवते. चार लेड ॲसिड बॅटऱ्या चार्जर काढून थोडा वेळ गेल्यावर ५१ च्या आसपास असतात. ४८ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ३९ ते ४२ व्होल्टच्या खाली मोटर बंद करतो. अशा वेळी कंट्रोलर बिघडलेला नसतो, तो बॅटरीला वाचवत असतो.

इथे एक फसगत होते. व्होल्टेज बरोबर दिसते, पण थ्रॉटल दिला की गाडी मरते. मीटर जवळजवळ शून्य प्रवाह घेतो, म्हणून गंजलेल्या कपलरमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. खरा कस लोडवर लागतो. समजा, एका खराब सांध्याचा रोध फक्त ०.१ ओहम आहे. २५ अँपिअर प्रवाहाला तिथे २.५ व्होल्ट खाल्ले जातात आणि त्या एका सांध्यावर ६२ वॅट उष्णता तयार होते. जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतकी ही उष्णता एका छोट्या कपलरमध्ये! प्लास्टिक वितळणारच.

म्हणून चाक उचललेले असतानाच थ्रॉटल देऊन मागचा ब्रेक हलका दाबा. बॅटरीच्या तोंडाशी आणि कंट्रोलरपाशी एकाच वेळी काय दिसते ते बघा. ब्रेकला कटऑफ स्विच असेल तर या चाचणीपुरता त्याचा कपलर काढावा लागेल, नाहीतर ब्रेक दाबताच मोटर बंद होईल. बॅटरीपाशी ५० आणि कंट्रोलरपाशी ४६ दिसले तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा कपलरमध्ये गडबड आहे. दोन्हीकडे सारखेच खाली आले तर बॅटरीच थकली आहे.

घरगुती गाड्यांत दोन चुका हमखास सापडतात. पहिली, घराच्या वायरिंगची १.५ स्क्वेअर एमएमची वायर बॅटरीला वापरलेली असते. २५ अँपिअरच्या कंट्रोलरला किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर हवी. दुसरी, फ्यूजऐवजी घरातला एमसीबी लावलेला असतो. तो एसीसाठी बनवलेला असतो आणि डीसीची ठिणगी तोडण्याची त्याची खात्री नसते. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, बॅटरीच्या जितके जवळ होईल तितके, डीसी रेटिंगचा फ्यूज लावा.

पायरी २ : चावी आणि ५ व्होल्ट

चावी चालू करून त्या बारीक वायरीवर व्होल्टेज बघा. काळी प्रोब कंट्रोलरच्या जाड काळ्या वायरीवर, लाल प्रोब चावीच्या वायरीवर. बॅटरीएवढेच व्होल्टेज हवे. शून्य आले तर चावीचा स्विच किंवा त्याची वायर खराब आहे. पावसात भिजलेले स्वस्त चावी-स्विच आतून गंजतात, ही नेहमीची तक्रार.

चावीला व्होल्टेज आहे, आता थ्रॉटलच्या कपलरवर लाल आणि काळीमध्ये मोजा. ४.३ ते ५ व्होल्ट यायला पाहिजेत. हा आकडा म्हणजे कंट्रोलरची नाडी. तो आला तर कंट्रोलर निदान जागा आहे.

५ व्होल्ट आले नाहीत तरी लगेच कंट्रोलरला दोष देऊ नये. हेच ५ व्होल्ट थ्रॉटल, हॉल सेन्सर आणि असेल तर पॅडल सेन्सर या सगळ्यांना जातात. कुठेही शॉर्ट झाला तर सगळीकडचे गायब होतात. बॅटरी सुटी करून आधी हॉलचा कपलर काढा, पुन्हा जोडून मोजा. नाही आले तर थ्रॉटलचा काढा, कंट्रोलरच्या बाजूला मोजा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, दोष त्या भागात. सगळे काढूनही आले नाहीत, तर मात्र बिघाड कंट्रोलरच्या आतला आहे.

इथे एक इशारा. काही थ्रॉटलवर बॅटरीचा इंडिकेटर किंवा चावी असते आणि पाच-सहा वायरी एकाच कपलरमध्ये येतात. त्यात पूर्ण बॅटरी व्होल्टेजची वायरही असते. ती चुकून ५ व्होल्टच्या लाल वायरीला लागली तर हॉल सेन्सर, थ्रॉटल आणि कंट्रोलर तिन्ही एका झटक्यात जाऊ शकतात. प्रत्येक वायर मोजल्याशिवाय जोडू नका.

पायरी ३ : ब्रेकचा स्विच

५ व्होल्ट येतात, सगळे ठीक दिसते, पण मोटर हलत नाही. अशा वेळी ब्रेक बघा. ब्रेक लिव्हरमधील छोटा स्विच दाबला की कंट्रोलर मोटरचा पुरवठा तोडतो. हा स्विच चिखलाने अडकला किंवा त्याच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की ब्रेक कायम दाबलेला आहे असे कंट्रोलर समजतो.

ब्रेकचा कपलर काढून थ्रॉटल द्या. चाक फिरले तर दोष सापडला. स्विच साफ करा किंवा बदला, पण कपलर काढूनच गाडी रस्त्यावर आणू नका. ब्रेक दाबताना मोटर ओढत राहिली तर उतारावर गाडी आवरत नाही.

काही कंट्रोलरला 'लो ब्रेक' आणि 'हाय ब्रेक' अशा दोन वेगळ्या वायरी असतात. लो ब्रेक निगेटिव्हला टेकवल्यावर काम करतो, हाय ब्रेकला ब्रेक लाईटचे व्होल्टेज लागते. लाईटची वायर चुकून लो ब्रेकला जोडली तर कंट्रोलर जाऊ शकतो.

पायरी ४ : थ्रॉटल

मीटर २० व्होल्ट रेंजवर. काळी प्रोब थ्रॉटलच्या काळ्या वायरीवर, लाल प्रोब सिग्नलच्या वायरीवर. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने प्रोब घाला.

- थ्रॉटल सोडलेला : साधारण ०.८ ते १ व्होल्ट.
- पूर्ण पिळलेला : साधारण ३.५ ते ४.२ व्होल्ट.
- मधे आकडा सलग वाढत जायला हवा, उड्या मारू नयेत.

पिळूनही शून्यच राहिला तर सिग्नलची वायर तुटली आहे किंवा थ्रॉटल गेला आहे. सोडलेला असतानाच दीड-दोन व्होल्ट दाखवत असेल तर आत पाणी शिरले असेल किंवा मूठ पूर्ण मागे येत नसेल. अनेक कंट्रोलर अशा स्थितीत सुरक्षेसाठी मोटर सुरूच करत नाहीत.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे. थ्रॉटलची काळी वायर तुटली की सिग्नल वर चढून ५ व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. चांगला कंट्रोलर हा बिघाड ओळखून बंद होतो. स्वस्त कंट्रोलर त्याला 'पूर्ण वेग' समजतो आणि गाडी हातातून सुटते. काळी वायर बहुधा हँडलच्या मानेपाशी तुटते, कारण प्रत्येक वळणावर ती तिथे वाकते. बाहेरून कोटिंग शाबूत दिसते, आत तांबे तुटलेले असते. म्हणून मीटर लावलेला ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. आकडा उडाला तर ती वायर बदलाच, टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. चालत्या गाडीत असे झालेच तर चावी बंद करायची, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत असायला हवे.

पायरी ५ : हॉल सेन्सर

मोटर थरथरते, खरखर करते, ढकलल्याशिवाय उचल घेत नाही किंवा कधी चालते कधी नाही, ही हॉलच्या बिघाडाची लक्षणे.

चावी चालू, हॉलचा कपलर जोडलेला. आधी लाल-काळीमध्ये ५ व्होल्टच्या आसपास आहेत का बघा. मग काळी प्रोब काळ्या वायरीवर तशीच ठेवून लाल प्रोब पिवळ्या वायरीवर लावा आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये चाक पुढे फिरवले तर आतली मोटर फिरत नाही, म्हणून ते उलटे फिरवा. आकडा शून्याजवळ आणि ५ च्या जवळ असा आलटून पालटून बदलायला हवा. हिरवी आणि निळी वायर तशीच तपासा.

एका वायरीवर आकडा कायम ५ च्या जवळ अडकला असेल तर ती वायर तुटलेली किंवा सेन्सर मेलेला. कायम शून्यावर असेल तर वायर निगेटिव्हला टेकलेली किंवा सेन्सर शॉर्ट. तिन्ही एकाच वेळी ५ किंवा एकाच वेळी शून्य दाखवत असतील तरीही गडबड आहे. नेहमीच्या १२० अंशाच्या मांडणीत तसे कधी होत नाही.

मोटर उघडण्याआधी आसाकडे बघा. फेजच्या तीन आणि हॉलच्या पाच अशा आठही वायरी मोटरच्या आसातील बारीक भोकातून बाहेर येतात. नट सैल राहिला आणि आस खाचेत फिरला की हा सगळा जुडगा पिळवटतो, कोटिंग फाटते. जाड फेज वायर बारीक हॉल वायरीला टेकली की बॅटरीचे व्होल्टेज थेट ५ व्होल्टच्या सर्किटमध्ये घुसते. कंट्रोलर बदलल्याबरोबर नवाही जळण्याचे हे एक मोठे कारण. त्यामुळे नवा कंट्रोलर जोडण्याआधी दोन्ही कपलर सुटे करून, मोटरच्या बाजूला प्रत्येक फेज आणि प्रत्येक हॉल वायर यांच्यात मीटरच्या बीपवर तपासा. कुठेही बीप वाजता कामा नये. फेज वायर आणि मोटरच्या धातूच्या बॉडीमध्येही बीप नको. आस फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी टॉर्क आर्म लावणे हा त्यावरचा उपाय. ॲल्युमिनियमच्या फोर्कवर तर टॉर्क आर्मशिवाय हब मोटर बसवूच नये.

पायरी ६ : फेज वायरी आणि मॉस्फेट

ही तपासणी बॅटरी सुटी करून, मीटरशिवायही बरीच होते.

चाक हाताने फिरवा. गचके देत जड फिरते का? आता तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवा, एकमेकींना टेकू देऊ नका आणि पुन्हा फिरवा. चाक मोकळे झाले तर कंट्रोलरमधील मॉस्फेट शॉर्ट झाले आहेत. तरीही जडच राहिले तर शॉर्ट मोटरच्या आत किंवा आसाजवळच्या वायरीत आहे.

पुढे मोटरच्या बाजूच्या दोन-दोन फेज वायरी जोडून चाक फिरवा : पिवळी-हिरवी, हिरवी-निळी, निळी-पिवळी. तिन्ही वेळा चाक सारखेच जड लागले पाहिजे. एखाद्या जोडीला हलके लागले तर त्या फेजची वायर तुटली आहे. एक फेज तुटली की मोटर गुरगुरते, एका जागी हिसके देते, पण फिरत नाही.

कंट्रोलरच्या बाजूला मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून घ्या. जाड लाल वायर ते प्रत्येक फेज आणि जाड काळी वायर ते प्रत्येक फेज मोजा. एका गटातील तिन्ही आकडे सारखे हवेत. एखादा शून्याजवळ आला, बीप वाजली, तर तो मॉस्फेट गेला. सगळे सारखे आले तर 'उडालेला' ठरवलेला कंट्रोलर बहुधा शाबूत आहे!

कंट्रोलर बदलला, रंग जुळवले, तरी मोटर थरथरते

नव्या कंट्रोलरचे रंग जुन्या मोटरशी जुळतीलच असे नाही. फेज आणि हॉल मिळून एकूण ३६ जोडण्या होतात. त्यांतल्या फक्त ६ बरोबर असतात : तीन सरळ फिरवणाऱ्या, तीन उलट.

सेल्फ लर्निंगच्या पांढऱ्या वायरी असतील तर काम सोपे. चाक उचला, दोन्ही पांढऱ्या वायरी जोडा, चावी चालू करा. काही सेकंदांत चाक आपोआप फिरू लागते. उलटे फिरले तर पांढऱ्या वायरी सोडून पुन्हा जोडा. सरळ फिरू लागले की त्या सोडवा आणि टोके टेपने वेगवेगळी बंद करा.

या वायरी नसतील तर हॉल रंगाला रंग जोडून तसेच ठेवा आणि फक्त फेज बदला. कंट्रोलरच्या पिवळी, हिरवी, निळी या क्रमाला मोटरच्या वायरी अशा लावून बघा :

१. पिवळी, हिरवी, निळी
२. पिवळी, निळी, हिरवी
३. हिरवी, पिवळी, निळी
४. हिरवी, निळी, पिवळी
५. निळी, पिवळी, हिरवी
६. निळी, हिरवी, पिवळी

प्रत्येक वेळी बॅटरी सुटी करून वायरी बदला. थ्रॉटल हलका, तोही दोन सेकंदच. चुकीच्या जोडणीत मोटर प्रचंड प्रवाह ओढते. सहापैकी एकाच जोडणीत चाक आवाज न करता गुळगुळीत फिरेल. ते उलट फिरत असेल तर हॉलच्या तीन रंगीत वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा आणि हे सहा प्रयोग पुन्हा करा. हॉलच्या लाल-काळ्या वायरींना मात्र हात लावू नका.

लक्षणावरून पहिला संशय

- काहीच होत नाही, लाईटही नाही : बॅटरी, फ्यूज, मुख्य कपलर.
- लाईट लागते, मोटर नाही : चावीची वायर, ब्रेक स्विच, थ्रॉटल.
- मोटर हिसके देते, गुरगुरते : हॉल किंवा एक फेज तुटलेली.
- चढावर बंद, थोड्या वेळाने पुन्हा सुरू : थकलेली बॅटरी, गरम सांधा, बारीक वायर.
- खड्ड्यात आदळली की क्षणभर बंद : सैल कपलर.
- बंद गाडी ढकलताना जड : मॉस्फेट किंवा फेज शॉर्ट.
- चावी लावताच चाक पळते : थ्रॉटलची काळी वायर. गाडी तशीच थांबवा.

पावसाळ्याआधी एवढे करा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही वायरिंगची खरी परीक्षा. कंट्रोलर सीटखाली किंवा डब्यात असला तरी पाणी बाहेरून पडत नाही, वायरीवरून ओघळत आत येते. म्हणून कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकेल. कंट्रोलर असा बसवा की वायरीचे तोंड खाली येईल. मोटरच्या केबललाही आसापाशी असाच झोल हवा.

वायरी पिळून टेप गुंडाळण्याची सवय सोडा. टेपचा गोंद उन्हात सुटतो आणि टेप आत पाणी धरून ठेवतो. सांधा सोल्डर करा किंवा क्रिंप करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. कंट्रोलरचा डबा हवा लागेल अशा जागी हवा, कारण त्याची ॲल्युमिनियमची बॉडीच उष्णता बाहेर टाकते. चिखल धुताना प्रेशरचा पाईप कंट्रोलर, बॅटरी आणि मोटरच्या आसावर मारू नका. बॅटरीत पाणी गेल्याचा संशय असेल तर ती चार्जिंगला लावू नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा.

रस्त्यावर आणताना कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार ज्या बॅटरी वाहनाच्या मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असते, ते नोंदणी लागणाऱ्या मोटार वाहनांत धरले जात नाही. मात्र त्यासाठी त्या मॉडेलला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी हवी. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. नियम केंद्राचा असल्याने कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे तोच लागू आहे. सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही.

घरी बनवलेल्या गाडीला अशी मंजुरी नसते. त्यात ५०० किंवा १००० वॅटची मोटर असेल तर नोंदणी, विमा आणि लायसन्सचा प्रश्न सरळ उभा राहतो. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन काढून मोटर बसवणे हा वाहनातील बदल ठरतो. त्यासाठी मंजुरी असलेले किट आणि आरसी बुकवर नोंद लागते. अपघात झाला, समोरच्याला इजा झाली, तर भरपाई खिशातून द्यावी लागू शकते, हे गाडी मुलाच्या हाती देण्याआधी लक्षात घ्यावे.

कुठे थांबायचे?

वायर, कपलर, स्विच, थ्रॉटल ही कामे घरी होतात. मोटर उघडून हॉल सेन्सर बदलणे, कंट्रोलरमधील मॉस्फेट बदलणे यासाठी सोल्डरिंगचा हात बसलेला माणूस हवा. गावातला टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा कारागीरही ते करू शकतो. पण फुगलेली, गरम होणारी, वास येणारी किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी घरी दुरुस्त करायची नाही. तिथे पैसे वाचवण्याचा विचारही नको.

दुकानात जाताना "कंट्रोलर द्या" एवढेच सांगू नका. बॅटरीचे व्होल्टेज किती, ५ व्होल्ट येतात का, थ्रॉटलचा आकडा किती, हॉलच्या कुठल्या वायरीवर काय दिसले आणि फेजवर मॉस्फेटचे आकडे काय आले, हे पाच आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदारालाही नेमका भाग देता येईल, बेळगावची एक खेप वाचेल आणि चांगला कंट्रोलर भंगारात जाणार नाही.